न दिसणारे शेजाळ अण्णा

आमच्या सोसायटीतले शेजाळ अण्णा जिना उतरताना प्रत्येक वळणावर थांबतात, भिंतीला पाठ टेकवतात, मनात सात आकडे मोजतात आणि मगच डोकं बाहेर काढून पुढचा जिना बघतात. पुढे कुणी नाही अशी खात्री झाली की चार पायऱ्या उतरतात. पुन्हा थांबतात. वय बाहत्तर, गुडघ्याला पट्टा, हातात दळणाचा डबा.

नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला दम लागलाय. माझ्याकडे आलेल्या एका मैत्रिणीने कळवळून त्यांना पाणी नेऊन दिलं. अण्णांनी ते घेतलं नाही. "म्हंजे दिसलो व्हय तुमास्नी?" एवढंच विचारलं, खिन्न झाले आणि डबा घेऊन परत तिसऱ्या मजल्यावर गेले. कारण एकदा दिसलं की डाव पहिल्यापासून सुरू करायचा असतो.

ईरा, अर्णव, तुम्ही फोनवर विचारता की आजी, तुमच्या तिथे नवीन काय. नवीन म्हणजे हे अण्णा. ते राहतात आठ वर्षांपासून, पण असे झाले ते गेल्या वर्षी, आणि त्याला जबाबदार तुमचा बाबा आहे.

दर पाडव्याच्या आधी मी माळा काढते. माळ्यावरच्या प्रत्येक खोक्याला क्रमांक आहे आणि क्रमांकांची यादी स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावलेली आहे. त्यातल्या अकराव्या खोक्यापुढे "शाळा व इतर" असं लिहिलं होतं. या "इतर"ची मला दरवर्षी लाज वाटते, कारण ज्याला वर्गवारी जमत नाही तो "इतर" लिहितो. म्हणून गेल्या वर्षी खोका उघडलाच. शाळेच्या वह्यांखाली तुमच्या बाबाचं जुनं गेमचं यंत्र निघालं. करड्या रंगाचं, जेवणाच्या डब्याएवढं, त्याला दोन वायरी आणि दोन मुठी. मी ते भंगारवाल्यासाठी बाजूला ठेवलं.

शिडी धरायला अण्णा आले होते. ते म्हणाले, "मोडीत घालू नका बाई. बगू की चालतंय का."

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे अख्खी सोसायटी मला बाई म्हणते. दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. "बाई, जरा वर येता का? सुरू झालंय. पर इंग्रजीत कायतरी दटावतंय मला."

वर गेले तर टीव्हीवर बर्फ पडत होता, आणि बर्फात करड्या कोटातला एक माणूस गुडघ्यावर बसून होता. खाली इंग्रजीत हुकूम उमटत होता. मी वर्गात उतारा वाचून दाखवावा तसा वाचला आणि मराठीत सांगितला. धरणाच्या पोटात शत्रूने एक नकाशा लपवला आहे, तो आणायचा. कुणाच्याही नजरेस पडायचं नाही. पकडला गेलास तर आम्ही तुला ओळखत नाही.

अण्णा म्हणाले, "म्हंजे कंत्राटी कामगार."

आत यंत्रात राहून गेलेली ती एकच तबकडी होती, हेरगिरीच्या खेळाची. दुसरा एखादा खेळ निघाला असता, मोटारींचा किंवा फुटबॉलचा, तर अण्णा आज सरळ जिन्याने उतरले असते.

आता खेळाबद्दल सांगते. माझी समजूत अशी होती की असले खेळ म्हणजे धाडधाड गोळ्या आणि आरडाओरडा. हा खेळ अगदी उलटा निघाला. यात धावणारा हरतो, गोळी झाडणारा तर लगेच हरतो, आणि थांबणारा पुढे जातो. धरणावर जागोजागी पहारेकरी आहेत. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे हातपंख्याच्या आकाराचा उजेड पडतो, म्हणजे तेवढ्यातलंच त्याला दिसतं. त्या उजेडाला पाय लागू न देता आपला माणूस पलीकडे न्यायचा. त्यासाठी आधी पहारेकऱ्याचा अभ्यास करायचा. तो दारापासून पिंपापर्यंत येतो, वळतो, जांभई देतो, पुन्हा दाराकडे जातो. किती पावलं, किती वेळ, वळताना आधी उजवीकडे बघतो की डावीकडे. अर्धा तास नुसतं बघत बसायचं आणि मग सात आकड्यांत पार व्हायचं. पार झालो की छातीत असं काही होतं की विचारू नका. म्हणजे अण्णांच्या. मी फक्त भाषांतराला जात होते. रोज चार ते सहा.

या खेळाचं अण्णांना एवढं वेड का लागलं, हे कळायला त्यांची नोकरी माहीत हवी. अण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले, ते एकतीस वर्षं तिथेच. पाळी सुटली की कामगारांच्या पिशव्या आणि डबे तपासायचे, कुणी माल बाहेर नेत नाही ना ते बघायचं. "टॉवेल प्वाटाला गुंडाळला की मानूस प्वाट सांभाळत न्हाय बाई, पाठ सांभाळतो," हे ज्ञान त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच दिलं. मला त्याचा उपयोग करायची संधी अजून आलेली नाही.

तर एकतीस वर्षं पहारा केलेल्या माणसाला म्हातारपणी पहाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जायला मिळालं. शाकाहारी माणसाला एकदम खाटकाच्या दुकानाचा मालक करावं तसं काहीसं झालं. अण्णांनी त्या करड्या कोटवाल्याचं नाव "पाव्हणा" ठेवलं, कारण तो दुसऱ्याच्या घरात न बोलावता जातो. पहारेकऱ्यांनाही नावं दिली. एक "जांभई", एक "सरळ्या", आणि एक सारखा खोकणारा, तो "दमेकरी". पाव्हण्याच्या कानात एक साहेब सतत बोलत असतो, लवकर कर, वेळ नाही, असं. मी भाषांतर केलं की अण्णा उत्तर द्यायचे, "बोलतंय! एसीत बसून बोलायला काय जातंय? हितं बर्फात उभं ऱ्हा म्हनावं."

खरी गंमत पुढे आहे. खेळात पहारेकऱ्याला मागून जाऊन फटका मारता येतो. तो खाली पडतो, त्याला ओढत कोपऱ्यात न्यायचं आणि वाट मोकळी. साहेबसुद्धा तसंच सांगत होता. अण्णांनी यंत्राची मूठ खाली ठेवली.

"ड्युटीवरच्या मानसाला हात लावायचा न्हाय."

"अण्णा, तो खरा माणूस नाही."

"खरा नसंल. पर ड्युटी खरी हाय की. आट तास बर्फात उभं हाय ते. रिलीव्हर न्हाय, शेकोटी न्हाय. वर आमी जाऊन टाळक्यात हानायचं?"

पहिला टप्पा पार करायला त्यांना नऊ दिवस लागले. शेवटी प्रगतिपुस्तक आलं. किती वेळा दिसलात, शून्य. किती जणांना मारलंत, शून्य. वेळ मात्र इतका लागला होता की खेळाने त्यांना "मंद" असा शेरा दिला. शिक्षिका म्हणून मला तो शेरा अन्यायाचा वाटला. अण्णांना अजिबात वाटला नाही. "मंद म्हनू दे. शून्य हाय का न्हाय? मग झालं," म्हणाले.

इथपर्यंत सगळं टीव्हीत होतं. मग ते टीव्हीतून बाहेर आलं.

आधी जिना. मग सोसायटीची बाग, जी चुकवून जायची असते, कारण तिथे संध्याकाळी आमचे चेअरमन बिराजदार साहेब सभासदांना गाठून बोलतात. अण्णा बागेच्या कडेच्या मेंदीच्या कुंपणामागून वाकून जायला लागले. मतदानाच्या आधी कुठल्याशा पक्षाची माणसं सगळ्या रहिवाशांचा फोटो काढायला आली, तर त्या फोटोत अण्णांची फक्त पिशवी आली. बार्शीला आमच्या ओळखीच्यांकडे लग्न होतं. त्यांनी नंतर माझ्याकडे तक्रार केली की शेजाळ अण्णा आले नाहीत. मी अण्णांना विचारलं तर म्हणाले, "दोन टाइम जेवलो की. जिलबी लई ग्वाड हुती." मी तसं बार्शीला कळवलं. दुसऱ्या दिवशी यजमानांचा फोन आला की अण्णांचं आहेराचं पाकीट यजमानांच्याच कोटाच्या खिशात सापडलं.

सुमनताई, म्हणजे अण्णांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. ती असती तर तिने हे सगळं एका हाकेत थांबवलं असतं. तिच्या आवाजापुढे लपायला या इमारतीत जागा नव्हती.

आता रेवणप्पा. रेवणप्पा आमचा वॉचमन. अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावचा. फाटकाशेजारी पत्र्याची खोली आहे, तिच्यात बारा वर्षं राहतो. गावातलं घर पडलं, बायको वारली, मुलगी सासरी, त्यामुळे ही नोकरी आणि ही खोली एवढंच त्याच्याकडे आहे. माणूस चांगला, पण मी सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून लिहिते की दुपारी दोन ते चार रेवणप्पा झोपतो. चोरून झोपत नाही. खुर्ची फाटकाशी ओढून, टोपी नाकावर घेऊन, जाहीर झोपतो. आणि त्याच्या रजिस्टरमध्ये येणाऱ्याच्या नावापुढे वेळेच्या रकान्यात "सकाळ" किंवा "दुपार" असं लिहिलेलं असतं.

गेल्या एप्रिलमध्ये बिराजदार साहेबांनी कॅमेऱ्यांचा विषय आणला. साहेब निवृत्त अधिकारी आहेत. कुठलाही प्रश्न आला की म्हणतात, "एकदा सिस्टिम बसवली की माणसाचा प्रश्नच येत नाही." पाण्याच्या टाकीलाही हेच, गणपतीच्या वर्गणीलाही हेच. तीन कॅमेरे महिनाभर चाचणीसाठी आले. एक जिन्यात, एक गाड्यांच्या जागेत, एक आवारात. चौथा फाटकावर बसणार होता, पण त्याआधी रेवणप्पाला काढायचा ठराव व्हायला हवा होता.

सभा इमारतीखालच्या मोकळ्या जागेत भरली. ठरावाचा मसुदा मीच लिहिला होता, आणि खरं सांगते, मी कॅमेऱ्यांच्या बाजूची होते. कॅमेरा मिनिट आणि सेकंद लिहून ठेवतो. मला अशी माणसं आवडतात.

साहेबांनी ठराव वाचला. तेवढ्यात पाण्याच्या मोटारीमागून आवाज आला, "मला बोलायचंय."

सगळे दचकले. अण्णा सभेला आले आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. मी हजेरीत त्यांना गैरहजर लिहून टाकलं होतं.

"बोला की शेजाळ," साहेब म्हणाले. "पण आधी बाहेर या."

अण्णा बाहेर आले. गुडघ्याची धूळ झटकली. "ह्ये तुमचे तीन डोळे हायत न्हवं? ह्यांच्या म्होरनं मी तुमच्या दारातल्या चपला उचलून फाटकाभाईर नेऊन दावतो. भर दिवसा. दिसलो तर रेवणप्पाला काडा."

साहेबांना हसू आलं. "आणि नाही दिसलात तर?"

"तर कॅमेरं परत."

साहेब नोकरीत अर्ज तपासायचे, त्यामुळे त्यांना अर्जातली चूक लगेच दिसते. "थांबा, थांबा. तुम्ही फाटकाबाहेर गेलात म्हणजे रेवणप्पानेही तुम्हाला सोडलं. मग कॅमेरेही निकामी आणि तोही निकामी. दोघंही जातील! आपण एजन्सीचे गणवेशवाले गार्ड आणू. साधा नियम करा. जो पकडेल तो राहील. शनिवारी दुपारी दोन ते चार. आणि रेवणप्पाला कुणी आधी सांगायचं नाही. शब्द द्या."

अण्णांचा चेहरा पडला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या तपासलेल्या माणसाने स्वतःची पिशवी तपासली नव्हती. पण चारचौघांत बोललेलं मागे घेणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी शब्द दिला. पंच म्हणून मला नेमलं, कारण माझी पहिल्या मजल्यावरची बाल्कनी बरोबर फाटकावर आहे आणि माझं घड्याळ पुढेमागे नसतं.

तो आठवडाभर अण्णा खेळले नाहीत. ते कॅमेऱ्यांकडे बघत बसले. जिन्यातला कॅमेरा मान हलवतो, डावीकडून उजवीकडे जायला त्याला सात आकडे लागतात, हे मला त्यांनीच सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. मी शुक्रवारी विचारलं, "अण्णा, रेवणप्पाचं काय? तो दोन ते चार झोपतो." ते म्हणाले, "ठावं हाय मला बाई." आणि गुडघ्याला तेल चोळत राहिले.

शनिवार उजाडला. सोलापूरचा एप्रिल तुम्ही विसरला असाल. दुपारी दोनला आमच्या आवारात कुत्रं नसतं. बायकांनी सकाळी आवारात कुरडया घातल्या होत्या आणि दोऱ्यांवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या. बिराजदार साहेब दुसऱ्या मजल्यावर कूलरपुढे टीव्ही लावून बसले. टीव्हीवर तीन चौकोनांत तीन कॅमेरे. मी बाल्कनीत खुर्ची टाकली, वही उघडली आणि लिहिलं, "२.००. रेवणप्पा झोपला."

पुढचे पावणेदोन तास मला काहीच दिसलं नाही. काय काय झालं ते नंतर चित्रफीत बघून कळलं, तेच आधी सांगते. जिन्यातल्या कॅमेऱ्याने अण्णांना दाखवलंच नाही. बिराजदारांच्या दारात एका क्षणी चपला आहेत, कॅमेरा मान फिरवून परत येतो तर चपला नाहीत. गाड्यांच्या जागेतल्या कॅमेऱ्यापुढच्या दोरीवर एक निळी चादर आहे. ही चादर वीस मिनिटांत दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. वारा नव्हता. आवारातला कॅमेरा तर सौ. बिराजदारांनी सकाळीच काठीने वळवून स्वतःच्या कुरडयांवर रोखला होता आणि नवऱ्याला बजावलं होतं, "कावळा आला की मला हाक मारा." साहेबांनी ही जबाबदारी चोख पाळली. त्या दुपारी आमच्या सिस्टिमने दोन कावळे आणि एक मांजर पकडलं.

तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी मेंदीच्या कुंपणामागून अण्णा फाटकाशी उगवले. एका हातात साहेबांच्या चपला. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. समोर रेवणप्पा, टोपी नाकावर, तोंड उघडं.

आमच्या फाटकाची कडी जुनी आहे, तिचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. अण्णांनी ती दोन बोटांनी उचलली. काहीही वाजलं नाही. फाटक हातभर उघडलं. रस्ता समोर होता. एक पाऊल टाकलं की झालं, तीन कॅमेरे आणि एक वॉचमन, सगळ्यांना चुकवून.

अण्णा उभे राहिले. रस्त्याकडे बघितलं. रेवणप्पाकडे बघितलं. मग आत आले, फाटक लावलं, कडी परत तशीच, आवाज न करता, जागेवर ठेवली.

आणि मग उचलून धाडकन आपटली.

रेवणप्पाने कूस बदलली. खुर्चीत जेवढी बदलता येते तेवढी.

अण्णांनी पुन्हा आपटली. टोपी खाली पडली. माणूस तसाच. माझ्या घड्याळात तीन अठ्ठेचाळीस झाले होते. मी पंच होते, मला काही बोलायचा अधिकार नव्हता, पण माझी पेन्सिल मोडली. अण्णा हातातल्या चपलांकडे बघत उभे राहिले. त्यांना खांद्याला हात लावून उठवता आलं असतं, नाव घेऊन हाक मारता आली असती, पण तसं केलं तर ते पकडणं झालं नसतं आणि शब्दही मोडला असता. तिसऱ्यांदा त्यांनी कडी इतकी जोरात आपटली की दोरीवरची कबुतरं उडाली.

डोळे न उघडता रेवणप्पा म्हणाला, "कुटं निघाला की अण्णा, उन्हाचं?"

डोळे मिटलेले! फक्त कडीच्या आवाजावरून! मग त्याने डोळे उघडले आणि चपला बघितल्या.

"येन्री हे? काय हे? ह्या बिराजदार साहेबांच्या चपला न्हवं?"

"व्हय."

"तुमच्या हातात कशा?"

"चोरल्या."

रेवणप्पा उठला, अण्णांचं मनगट धरलं आणि वर तोंड करून ओरडला, "साहेब! चपला सापडल्या! चोर बी सापडला! आपल्यातलाच हाय!"

साहेब अनवाणी धावत आले. चपला नव्हत्या, आणि आवारात शहाबादी फरशी आहे. एप्रिलमध्ये. ते फाटकापर्यंत एका वेगळ्याच नाचात पोहोचले. मागून सौ. बिराजदार ओरडत होत्या, "कुरडया बघून! कुरडया बघून!" सावलीत येऊन पाय चोळत साहेबांनी वर माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुम्ही पंच. पकडलं कुणी?"

"रेवणप्पाने. तीन बावन्नला."

"तो झोपला नव्हता?"

मी तीस वर्षं मुलींना शिकवलं की प्रश्न नीट वाचा आणि विचारलंय तेवढंच उत्तर द्या. "पकडलं तेव्हा जागा होता," मी म्हटलं.

कॅमेरे पुढच्या सोमवारी परत गेले. साहेबांनी निरोप म्हणून त्यांच्यासोबत एक लांब तक्रारपत्र पाठवलं. रेवणप्पाची खोली राहिली, रेवणप्पा राहिला. त्याला अजून माहीत नाही की त्या दुपारी त्याची परीक्षा होती. त्याला वाटतं की उन्हाने अण्णांचं डोकं फिरलं. तेव्हापासून अण्णा बाहेर पडले की तो त्यांच्या हातात काय आहे ते बघतो.

त्या शनिवारी संध्याकाळीच मी वही घेऊन वर गेले होते. टीव्ही बंद होता. अण्णा गुडघा वर करून बसले होते, शेक घेत.

"अण्णा, माझ्या वहीत कडीच्या पाच ओळी आहेत. तीन एकेचाळीस, कडी आवाज न करता उघडली. तीन त्रेचाळीस, आवाज न करता लावली. पुढच्या तीन तुम्हाला माहीत आहेत. तुम्ही मुद्दाम आपटलीत."

"व्हय."

"एवढी दया कुणी करत नाही."

"दया कसली बाई?" अण्णांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "मिलच्या फाटकावर मी एकतीस वरसं हरेक मानसाला इचारलं, कुटं निघाला, कवा येनार. लोक वैतागायचे. मग तितं मशीन बसली. मला नारळ दिला, आपल्याच मिलची चादर दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं गेलो की सायकल घेऊन. फाटकातनं आत गेलो, शेडपातूर गेलो, परत आलो. कुनी इचारलं न्हाय, कोन रं तू म्हनून."

मी वही मिटून मांडीवर ठेवली.

"घरात सुमन हुती तवर ती इचारायची. भांडी घासता घासता. कुटं निघाला, टोपी घेतली का, कवा येनार. मी उत्तरच द्यायचो न्हाय." अण्णा माझ्या वहीकडे बघत म्हणाले, "आता दिवसातनं येकच मानूस इचारतंय. ते बी मशीननं न्यावं व्हय?"

वहीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "त्या ओळी खोडनार का बाई?"

"मी लिहिलेलं खोडत नाही. पण ही वही सोसायटीची नाही, माझी आहे."

ते बरं म्हणाले. मग एकदम उठले, भाजीची पिशवी घेतली. खाली भाजीची गाडी आली होती, तिची हाक ऐकू येत होती. "कोथिंबीर आनतो. गाडी जायच्या आत." माझ्याआधी निघाले. वळणावर थांबले, भिंतीला पाठ लावली, मोजलं, उतरले. मी माझ्या दारात किल्ली काढत होते तेव्हा खालून फाटकाची कडी वाजली. चांगली खणखणीत.

"कुटं निघाला की अण्णा?"

"काय न्हाय, कोथिंबीर बगतो वाइच. घरात हाय थोडी, पर सुकलीय. मग म्हनलं मिरची बी घ्यावी. मग म्होरं जाऊन गुडघ्याचं त्याल बगतो, मागच्या टायमाला त्यानं दुसरंच दिलं..."

मी बाल्कनीत गेले. अण्णा फाटक उघडं धरून, एक पाय आत आणि एक बाहेर, रेवणप्पाला सगळं सविस्तर सांगत उभे होते. त्यांच्या मागून भाजीची गाडी फाटकावरून पुढे सरकली, वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.

अण्णांनी वळून बघितलंही नाही.